किलिमांजारो: ६ दिवसांत उरकावं की ८ दिवस द्यावेत?

कधीतरी जाऊ

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं, आता पक्कं ठरवलंय. टांझानियातला किलिमांजारो. मी ४६, बायको ४४, मुलगी १७. तिघेही चालणारे, पण आजवरचे डोंगर सगळे सकाळी चढून संध्याकाळी उतरायचे. तंबूत सलग दोन रात्रींपेक्षा जास्त कधी काढल्या नाहीत आणि ३,००० मीटरच्या वर कुणीच गेलेलं नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहरातल्या दोन कंपन्यांकडून दर मागवले. एकीचा माचामे मार्ग, ६ दिवस, माणशी १,२५० डॉलर. दुसरीचा लेमोशो मार्ग, ८ दिवस, माणशी २,१५० डॉलर. तिघांचा मिळून फरक २,७०० डॉलर. शिवाय ६ दिवसांत उरकलं तर रजाही दोन दिवस वाचते. नकाशावर तर दोन्ही वाटा पुढे एकच होताना दिसतात. मग जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

आणखी काही शंका. बायकोचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. आम्ही शाकाहारी आहोत. सुट्टी मे महिन्यात किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मिळू शकते. आणि उंचीचा त्रास टाळायची ती डायमॉक्सची गोळी घ्यावी की घेऊ नये, यावर दहा जणांची दहा मतं वाचून झाली आहेत.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.

सुसाट

६ दिवस भरपूर झाले. मी माचामे ६ दिवसांतच केला, डोकंसुद्धा दुखलं नाही. गोळी नाही, काही नाही. रोज दहा किलोमीटर पळत असाल तर काही होत नाही. वाचलेल्या पैशात सफारी करा.

उतारावरची

सुसाट, अभिनंदन, मनापासून. पण तुम्हाला त्रास झाला नाही म्हणून यांनाही होणार नाही, असं काही त्यातून निघत नाही. विरळ हवा कुणाला लागेल ते दमसासावरून कळत नाही. मॅरेथॉन पळणारा पोरगा चौथ्या दिवशी परत फिरताना पाहिलाय आणि पोट सुटलेले काका सावकाश वर पोचलेलेही पाहिलेत.

कधीतरी जाऊ, मी दोनदा गेले आहे. पहिल्यांदा ४७ व्या वर्षी, अगदी तुमच्यासारखाच हिशोब करून. मारांगू मार्ग, ५ दिवस. सगळ्यात स्वस्त तोच होता आणि तंबूऐवजी झोपायला लाकडी झोपड्या होत्या, म्हणून मी खूश. पहिली रात्र मांदारा, २,७२० मीटर. दुसरी होरोम्बो, ३,७२०. तिसरी किबो, ४,७२०. म्हणजे रोज बरोब्बर हजार मीटर वर जाऊन झोपायचं. ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची जागा दिवसाला साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये, असा डॉक्टरांचा ढोबळ नियम आहे. मला तो माहीत होता. मी त्यातल्या ‘साधारण’ या शब्दावर भरवसा ठेवला.

किबोला झोप आलीच नाही. रात्री अकराला उठवलं, बाराच्या आत निघालो. हान्स मायर गुहेपाशी, सुमारे ५,१५० मीटरवर, उलटी झाली. पुढे नुसता घसारा. दोन पावलं वर, एक खाली, हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्या माणसाच्या टाचा तेवढ्या दिसायच्या. गिलमन्स पॉइंटला, ५,६८५ वर, पोचलो तेव्हा उजाडायला आलं होतं. तिथून विवराच्या कडेकडेने शिखर आणखी २१० मीटर वर, म्हणजे दीड-दोन तास. गाइडनं मला विचारलं, मोठ्या मुलीचं नाव काय? मी धाकटीचं सांगितलं. त्याला दोघींची नावं माहीत होती, पहिल्याच दिवशी मी फोटो दाखवले होते. तो काही बोलला नाही. माझी सॅक काढून स्वतःच्या गळ्यात अडकवली, मला खांद्याला धरून वळवलं आणि उतरायला लावलं. मी त्याच्याशी भांडले म्हणे. बरोबरची मैत्रीण सांगते, मला आठवत नाही.

होरोम्बोला येईपर्यंत डोकं ठिकाणावर आलं होतं. गेटवर हिरवं प्रमाणपत्र मिळालं. ५,८९५ मीटरच्या उहुरू शिखरापर्यंत जाणाऱ्याला सोनेरी देतात, विवराच्या कडेवरच्या गिलमन्स किंवा स्टेला पॉइंटवरून परतणाऱ्याला हिरवं.

तीन वर्षांनी परत गेले, लेमोशो, ८ दिवस. व्यायाम पहिल्या वेळेपेक्षा कमीच झाला होता, वय तीननं वाढलं होतं. तरी सकाळी पावणेसातला शिखरावर उभी होते आणि तिन्ही त्रिकाळ जेवत होते. फरक फक्त दिवसांचा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. वाटा पुढे एक होतात हे खरं. लेमोशोत चौथ्या आणि माचामेत तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवर नावाच्या कातळापर्यंत, सुमारे ४,६०० मीटर, चढायचं, तिथे डबा खायचा आणि बरांकोला ३,९६० पर्यंत उतरून झोपायचं. माझं डोकं टॉवरपाशी ठणकत होतं, बरांकोला सूप प्यायला बसले तोवर थांबलं. शरीर उंचीला सरावतं ते अशा दिवसांत. फरक पुढे पडतो. ६ दिवसांच्या बेतात बरांकोहून सकाळी निघून कातळटप्पा चढून, करांगाची दरी ओलांडून थेट बराफूला, ४,६७० मीटरवर जायचं. सात-आठ तासांची चाल. पोचल्यावर चार घास, चार तास आडवं पडणं, आणि त्याच रात्री बाराला शिखराकडे. ८ दिवसांत करांगाला मुक्काम पडतो, बराफूला दुपारी जेवायच्या वेळी पोचता आणि संध्याकाळपर्यंत नुसतं लोळता येतं. सुरुवातीलाही शिरा पठारावर एक रात्र जास्तीची मिळते. तुमचे ९०० डॉलर या दोन रात्रींचे आहेत. सात दिवसांचा माचामेही मिळतो, त्यात करांगा असतं. ८ नाहीच जमलं तर तो घ्या. ३,००० च्या वर कधीच न गेलेल्या तिघांनी ६ दिवसांचा घेऊ नये.

आणि तो १,२५० चा आकडा मला मुळातच खटकतो. कागद-पेन्सिल घ्या. मी गेले तेव्हा उद्यानाचं शुल्क दिवसाला ७० डॉलर, तंबूच्या जागेचं रात्रीला ५०, बचावाचं एकदाच २०, आणि सगळ्यावर १८ टक्के कर. (सध्याचे दर विचारून घ्या, पण पद्धत हीच.) ६ दिवस, ५ रात्री: ४२० अधिक २५० अधिक २०, म्हणजे ६९०. कर धरून ८१४. उरले ४३६. तिघांचे १,३०८. एवढ्यात दोन गाइड, एक स्वयंपाकी आणि नऊ-दहा पोर्टर यांचा ६ दिवसांचा पगार, सगळ्यांचं जेवण, गाडी, तंबू आणि कंपनीचा नफा. कुठून निघतं हे? पोर्टरच्या पोटातून. माझ्या पहिल्या वेळच्या स्वस्त कंपनीत पोर्टरना दिवसातून एकदाच जेवण होतं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेही माझ्या ताटातलं उरलेलं कुणी मागितलं म्हणून.

किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था आहे. पोर्टरना नीट पगार, जेवण, झोपायला जागा देणाऱ्या कंपन्यांची यादी ती ठेवते. तुमच्या दोन्ही कंपन्या त्यात आहेत का, ते आधी बघा. पोर्टरच्या पाठीवर २० किलोच्या वर ओझं द्यायचं नाही असा नियम आहे, गेटवर वजन होतं. तुमची पोर्टरकडे द्यायची बॅग १५ किलोच्या आत ठेवा. गाइडशिवाय जायला १९९१ पासून बंदीच आहे, त्यामुळे ‘आपले आपण जाऊ’ हा पर्याय काढून टाका.

गुडघ्याचं उद्या लिहिते, त्याला वेळ लागेल.

गुळवेल

डॉक्टर आहे, म्हणून फक्त गोळीबद्दल. डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. ती लक्षणं लपवत नाही, हा जुना गैरसमज आहे. तिच्यामुळे श्वास वाढतो आणि शरीर उंचीला लवकर सरावतं. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तरी सांगा. निघण्याआधी घरी दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोड्याची बाटली बेचव लागते. हे सगळं अपेक्षित आहे. तिघांनीही आपापल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, माझ्या चार ओळी वाचून नाही.

डोकेदुखी, मळमळ, भूक नसणं ही साधी लक्षणं. ती असताना आणखी वर चढायचं नाही. पण चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच क्षणी खाली, रात्रीचे दोन असले तरी. उतारावरची यांना चुकीचं नाव ऐकून वळवणाऱ्या गाइडनं बहुधा त्यांचा जीव वाचवला. बोटाला लावायच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा चांगला आला म्हणून ही लक्षणं दुर्लक्षायची नाहीत.

कधीतरी जाऊ

उतारावरची, तुमची ती ४३६ ची आकडेमोड बायकोला वाचून दाखवली. तिनं एवढंच विचारलं, “आणि आपण या पैशात सफारी करणार होतो?” ६ दिवसांचा विषय आमच्या घरापुरता संपला.

मुलीचा एक प्रश्न: हा ज्वालामुखी आहे तर तसं काही दिसतं का? की नुसताच डोंगर?

उतारावरची

मुलीला सांगा, ती लेमोशोनं गेली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका मेलेल्या ज्वालामुखीच्या अंगावरूनच चालत असेल. किलिमांजारो तीन ज्वालामुखींचा मिळून झालाय: शिरा, मावेंझी आणि किबो. शिरा सगळ्यात जुना. तो ढासळून त्याचं पठार झालं, त्यावर आपण तंबू ठोकतो. मावेंझी सुळक्यांचा, ५,१४९ मीटर, तिथे आपल्यासारख्यांचं काम नाही. किबो झोपलाय, मेलेला नाही. आत राख साचलेलं विवर आहे आणि वायू अजून निघतात, पण नेहमीच्या वाटेनं जाताना ते दिसत नाही. दिसतो तो लाव्हा टॉवर. आणि करांगाहून बराफूला जाताना पायाखालचे चपटे दगड खापरं वाजावीत तसे खणखणतात, ते तिला आवडेल. शिखराआधी डाव्या हाताला बर्फाचे उभे कडे लागतात. १९१२ पासून या डोंगरावरचं ८० टक्क्यांहून जास्त बर्फ गेलंय. मी दोन वेळा गेले त्यात तीनच वर्षांचं अंतर होतं, पण दोन्हीकडचे फोटो शेजारी ठेवले आणि गप्प बसले.

बरांकोच्या दरीत कोबीचे गड्डे खांबावर बसवल्यासारखी माणसापेक्षा उंच झाडं आहेत. सेनेसिओ म्हणतात. मुलीच्या आधी मीच तिथे अर्धा तास काढला.

आता गुडघा. सगळे चढाची चौकशी करतात. शिखराच्या दिवशी बराफूहून वर जायचं १,२०० मीटर, आणि मग त्याच दिवशी खाली, मवेका मुक्कामी, ३,१०० मीटरवर. म्हणजे एका दिवसात जवळजवळ २,८०० मीटरचा उतार, तोही रात्रभर जागून झाल्यावर. दुसऱ्या दिवशी मवेका गेटपर्यंत आणखी दीड हजार, जंगलातल्या चिखलाच्या पायऱ्यांवरून. माझ्या आयडीचं नाव उगाच नाही. तुमच्या मिसेसनी आतापासून जिने उतरायचा सराव करावा. चढताना लिफ्टनं गेल्या तरी माझी हरकत नाही. आठवड्यातून तीनदा, पाठीवर पाच-सहा किलो घेऊन, सावकाश, टाच आपटू न देता. दोन्ही हातांत काठ्या, उतरताना त्या थोड्या लांब करायच्या. आणि गुडघा फिजिओला एकदा दाखवून घ्या. आधी दुखणं काय आहे ते कळू दे.

सुट्टी मात्र बदलावी लागेल. मार्च ते मे तिथला मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. तुम्ही नेमके दोन्ही निवडलेत. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जूनअखेर ते ऑक्टोबर. पहिल्या दोन महिन्यांत थंडी जरा कमी, दुसऱ्या हंगामात कोरडं पण गर्दी फार. पौर्णिमेच्या मागे-पुढे शिखराची रात्र येईल असं बघा. मला दुसऱ्या वेळी चांदणं मिळालं, हेडटॉर्च बंद करून चालता आलं. काही जण पौर्णिमेला गर्दी होते म्हणून टाळतात. मी टाळणार नाही.

जेवणाची काळजी नको. आधी सांगितलं की शाकाहारी करतात: सूप, भात, बटाटे, भाज्यांचा रस्सा, सकाळी उजी म्हणजे पेज. चपाती तर स्वाहिलीतही चपातीच. चायही तीच, काचुंबारी म्हणजे कोशिंबीर, गारी म्हणजे गाडी, दुका म्हणजे दुकान. आणि बराफू म्हणजे चक्क बर्फ. पहिल्या दिवशी मी आणि स्वयंपाकी तासभर हेच जुळवत बसलो होतो. ४,००० च्या वर भूक मरते. तेव्हा घरून नेलेलं तिखट-आंबट काहीतरी कामाला येतं. मी लिंबाचं लोणचं नेलं होतं, अर्धं पोर्टरनी संपवलं.

‘पोले पोले’ हे शब्द तुम्हाला दिवसातून पन्नासदा ऐकू येतील. सावकाश, सावकाश. सुरुवातीला राग येतो, कारण पहिल्या दिवशी आजीबाईच्या चालीनं चालवतात. त्याच चालीनं चाला. धाप लागून बोलता येईना तर तुम्ही जोरात चालताय.

शिखराच्या रात्रीचं थोडं: उणे १० ते उणे २० पर्यंत पारा जातो, वर वारा. सॅकमधल्या पाण्याच्या नळीत पाणी गोठतं, म्हणून साध्या बाटल्या, त्याही उलट्या ठेवायच्या, म्हणजे बर्फ तळाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. फोन आणि बॅटऱ्या छातीशी, आतल्या खिशात. बोटांच्या हातमोज्यांवरून एकत्र बोटांचे जाड मोजे. जाड जॅकेट आणि स्लीपिंग बॅग मोशीत भाड्यानं मिळतात, आदल्या दिवशी चेन लावून-काढून बघा. बूट मात्र स्वतःचे, वापरून मऊ झालेले, आणि विमानात पायातच. बॅगा उशिरा आल्या तर बाकी सगळं भाड्यानं मिळेल, तुमच्या पायाचा बूट मिळणार नाही.

किरकोळ पण अडणाऱ्या गोष्टी. टांझानियात जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. डोंगरावर एकदा वापरून टाकायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत. विमा घेताना ६,००० मीटरपर्यंतचा ट्रेक आणि सुटका त्यात लिहिलेली आहे का ते वाचा. बऱ्याच पॉलिसी खालीच थांबतात. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड जवळ ठेवा, नाहीतर परतताना अडकाल. टिपेसाठी वेगळे पैसे धरा आणि त्या शिलिंगमध्ये द्या, पोर्टरला डॉलर बदलत फिरावं लागत नाही. प्रत्येकाच्या हातात वेगळी द्या, सगळ्यांसमोर रक्कम सांगून.

सुसाट

आकडेमोड माझ्या कंपनीच्या दराला लावून बघितली. ते जेवणाचं मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. ६ दिवसांचा सल्ला मागे घेतो.

कधीतरी जाऊ

फेब्रुवारीतली पौर्णिमा धरून लेमोशो ८ दिवस ठरवलं. कंपनी त्या यादीतली आहे, बघून घेतलं. बायको आज तिसऱ्यांदा जिने उतरली आणि प्रत्येक वेळी लिफ्टनं वर आली, सोसायटीतले लोक बघताहेत. आयडी बदलावा का विचार करतोय. काही राहिलं असेल तर सांगा.

उतारावरची

एकच राहिलं. निघायच्या दोन दिवस आधी तिघांनी पायाची नखं आखूड कापा आणि उतरायला लागण्यापूर्वी बुटाची नाडी घोट्यापाशी पुन्हा घट्ट बांधा. पुढे अंगठा आपटत २,८०० मीटर उतरले होते मी. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी होऊन गळाली, नवी यायला आठ महिने लागले.